नकाशा पेन्सिलीत असतानाच सिस्टरना दाखवा

रुग्णालयाच्या नकाशातला कॉरिडॉर नेहमी मोकळा असतो. आठ फूट रुंद, सरळ, स्वच्छ. इमारत उभी राहते, वॉर्ड सुरू होतो आणि महिन्याभरात त्याच कॉरिडॉरच्या एका कडेला ऑक्सिजनचे जंबो सिलिंडर येतात, दुसऱ्या कडेला व्हीलचेअर आणि जास्तीचे सलाइन स्टँड, मधे ड्रेसिंगची ट्रॉली आणि भिंतीला टेकून चटईवर बसलेले नातेवाईक. यातलं काहीही अनपेक्षित नसतं. सिलिंडर लागणार, ट्रॉली कुठेतरी उभी राहणार, पेशंटबरोबर माणूस येणार, हे वॉर्डातल्या कुठल्याही सिस्टरने नकाशा बघून पाच मिनिटांत सांगितलं असतं. तिला कुणी विचारलेलं नसतं.

आपल्याकडे रुग्णालय बांधायचं ठरलं की बैठकीला कोण बसतं ते पाहा. मालक डॉक्टर किंवा ट्रस्टी, आर्किटेक्ट, ओटी (ऑपरेशन थिएटर) कशी हवी ते सांगायला सर्जन, मशीन कुठे बसेल ते सांगायला रेडिओलॉजिस्ट, एसी आणि ऑक्सिजन पाइपलाइनचे कंत्राटदार. सरकारी रुग्णालय असेल तर सार्वजनिक बांधकाम विभागाचे अभियंते आणि जिल्हा शल्यचिकित्सक. परिचारिकांचा नव्या इमारतीशी पहिला संबंध बहुतेक ठिकाणी येतो तो सामान हलवायच्या दिवशी. डॉक्टर राउंड घेऊन जातात, आर्किटेक्ट इमारत ताब्यात देऊन पुढच्या कामाला लागतो. तिन्ही पाळ्यांत, दिवसरात्र, पेशंटच्या कॉटपाशी असतात त्या सिस्टर आणि ब्रदर. त्यांना वगळून केलेला नकाशा अपुऱ्या माहितीवर केलेला असतो, असं माझं ठाम मत आहे. त्याची किंमत पेशंट मोजतो, म्हणून हा विषय सगळ्यांनी समजून घ्यावा असं वाटतं.

आधी ड्युटी म्हणजे काय ते पाहू. अमेरिकेत २००८ साली एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. ३६ रुग्णालयांतल्या ७६७ परिचारिका कशात वेळ घालवतात आणि किती चालतात, याची त्यात नोंद घेतली होती. १० तासांच्या दिवसपाळीत त्या १ ते ५ मैल, म्हणजे साधारण दीड ते आठ किलोमीटर चालत होत्या. नोंदी लिहिण्यात ३५.३ टक्के वेळ जात होता, डॉक्टर, लॅब आणि इतर विभागांशी समन्वय साधण्यात २०.६ टक्के, औषधं देण्यात १७.२ टक्के. पेशंटची प्रत्यक्ष शुश्रूषा करायला उरत होता १९.३ टक्के. हा अभ्यास करणाऱ्या गटाचं नेतृत्व ॲन हेंड्रिक यांच्याकडे होतं. त्या स्वतः परिचारिका आहेत.

हे सगळे आकडे भिंतींमुळेच आलेले नाहीत. कागदपत्रांचा बोजा हे त्यातलं मोठं कारण आहे. पण भिंतींचा वाटा कसा असतो ते एका साध्या इंजेक्शनवरून कळतं. केस पेपर नर्सिंग स्टेशनवर. औषध फ्रिजमध्ये, आणि फ्रिज स्टोअरमध्ये, कारण स्टेशनजवळ प्लगच काढलेला नाही. सिरिंज ट्रॉलीवर. हात धुवायचं सिंक वॉर्डच्या दाराशी. पेशंट बाराव्या कॉटवर. इंजेक्शन देऊन झालं की सुई पांढऱ्या डब्यात, सिरिंज लाल पिशवीत, फुटलेली काचेची कुपी निळ्या डब्यात, आणि हे डबे तिसऱ्याच कोपऱ्यात, कारण नकाशात त्यांना जागाच नव्हती. मग परत सिंक, परत स्टेशन, नोंद. तीस पेशंटना दोन सिस्टर असलेल्या वॉर्डात हे किती वेळा होतं त्याचा हिशेब ज्याने त्याने मनात करावा. या फेऱ्यांत सगळ्यात आधी काय सुटतं? हात धुणं. सिंक वीस पावलं लांब असलं तर कामाच्या घाईत ते राहून जातं, आणि मग ‘स्टाफ हात धूत नाही’ असा मेमो निघतो. सिंक किंवा निदान सॅनिटायझरची बाटली कॉटपाशी असती तर त्या मेमोची वेळ आली नसती.

परिचारिकेने इमारतीबद्दल बोलायचं, ही कल्पना नवी नाही. आधुनिक रुग्णालयाचा वॉर्ड ज्या विचारातून घडला त्याच्या केंद्रस्थानी एक परिचारिकाच होती. फ्लॉरेन्स नाइटिंगेल १८५४ साली क्रिमियन युद्धात जखमी झालेल्या ब्रिटिश सैनिकांची शुश्रूषा करायला तुर्कस्तानातल्या स्कुटारीला गेल्या. तिथलं लष्करी रुग्णालय एका जुन्या बराकीत होतं, तिच्याखालची गटारं तुंबलेली होती, आत हवा खेळत नव्हती. सैनिक जखमांपेक्षा तापाने आणि जुलाबांनी जास्त मरत होते. १८५५ च्या मार्चमध्ये आलेल्या सॅनिटरी कमिशनने गटारं उपसून घेतली, हवेची सोय केली, आणि मृत्यूंचं प्रमाण झपाट्याने उतरलं. इमारत माणूस मारू शकते, हा धडा नाइटिंगेलबाईंनी तिथून घेतला.

परत आल्यावर १८५९ मध्ये त्यांनी ‘नोट्स ऑन हॉस्पिटल्स’ हे पुस्तक लिहिलं. रुग्णालयाने रुग्णाला अपाय करू नये ही पहिली अट, असं त्यांनी पुढच्या आवृत्तीत लिहून ठेवलं, आणि ती पाळायची कशी ते वॉर्डचा आराखडा मांडून दाखवलं. साधारण तीस खाटांचा लांब वॉर्ड, दोन्ही बाजूंना समोरासमोर उंच खिडक्या, खिडक्यांच्या मधल्या भिंतीला खाटांचं डोकं. मुख्य परिचारिकेची खोली वॉर्डला लागून, आणि त्या खोलीला वॉर्डात उघडणारी खिडकी. उगाच काढलेली प्रत्येक खोली, प्रत्येक कोपरा कुणालातरी पुसावा लागतो, म्हणून तो नको, असा त्यांचा आग्रह होता. हे वाक्य फक्त वॉर्ड चालवलेल्या माणसालाच सुचतं. लंडनचं सेंट थॉमस रुग्णालय १८७१ मध्ये याच पद्धतीने उभं राहिलं, आणि पुढे कित्येक दशकं जगभर असेच वॉर्ड बांधले गेले. आपल्याकडच्या जुन्या सरकारी रुग्णालयांतले उंच छताचे, दुतर्फा खिडक्यांचे लांब वॉर्ड याच कुळातले.

नाइटिंगेलबाईंचा रोगाबद्दलचा सिद्धान्त तेव्हाचाच होता. दूषित हवेतून रोग होतो असं त्या मानत. जंतूंचं शास्त्र अजून यायचं होतं. पण त्यांचा वॉर्ड चुकला नव्हता. पेरूची राजधानी लिमा इथल्या आठ रुग्णालयांत केलेला एक अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. क्षयरोगाचा संसर्ग हवेतून होतो, म्हणून खोलीतली हवा तासाला किती वेळा बदलते ते संशोधकांनी मोजलं. १९५० पूर्वीच्या, उंच छताच्या आणि मोठ्या खिडक्यांच्या खोल्यांत, खिडक्या उघड्या असताना, ती तासाला ४० वेळा बदलत होती. नव्या बांधणीच्या, पण खिडक्यांवरच हवा खेळणाऱ्या खोल्यांत १७ वेळा. यंत्राने हवा सोडलेल्या खोल्यांत १२ वेळा. क्षयाच्या रुग्णांबरोबर अशा खोलीत २४ तास काढणाऱ्याला संसर्ग होण्याचा धोका गणिताने काढला, तो जुन्या खोल्यांत ११ टक्के आला, नव्या खोल्यांत ३३ आणि यंत्रांच्या खोल्यांत ३९. क्षयाचे इतके रुग्ण असलेल्या आपल्या देशात जुने वॉर्ड फॉल्स सीलिंग टाकून बुटके करताना आणि खिडक्या एसीसाठी बंद करताना हे आकडे समोर असायला हवेत. हा धोका रोज पत्करणाऱ्या माणसांत, त्या वॉर्डात जन्म काढणारी सिस्टर पहिली.

विसाव्या शतकात रुग्णालयं मोठी झाली, यंत्रं आली, लिफ्ट आल्या, बांधकामाचं गणित अवघड झालं. रचनेचा निर्णय आर्किटेक्ट, अभियंते आणि प्रशासन यांच्याकडे गेला आणि परिचारिका त्या खोलीतून बाहेर पडल्या. तरी त्यांचं निरीक्षण थांबलं नव्हतं. ते केस पेपरवर उतरत राहिलं. रुग्णालयाच्या रचनेवरचा सगळ्यात प्रसिद्ध अभ्यास त्याच नोंदींवर उभा आहे. रॉजर उलरिच या संशोधकाने १९८४ साली तो प्रसिद्ध केला. पेनसिल्व्हेनियातल्या एका रुग्णालयात १९७२ ते १९८१ या काळात पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या ४६ रुग्णांचे कागद त्याने तपासले. निम्म्यांच्या खिडकीतून झाडं दिसत, निम्म्यांच्या खिडकीतून विटांची भिंत. झाडं दिसणारे रुग्ण सरासरी ७.९६ दिवसांत घरी गेले, भिंत दिसणारे ८.७० दिवसांत. झाडंवाल्यांना तीव्र वेदनाशामकं कमी लागली. आणि भिंतवाल्यांच्या कागदांवर परिचारिकांनी लिहिलेले शेरे, रडतो आहे, धीर द्यावा लागतो, असे, कितीतरी जास्त होते. बागेच्या बाजूचे पेशंट लवकर सुधारतात हे वॉर्डातल्या बायकांच्या लिखाणात वर्षानुवर्षं पडून होतं. ते वाचायला बाहेरचा माणूस यावा लागला.

आता रात्री तीनची वेळ घ्या. फीमेल वॉर्ड, एक साठीच्या आजी, दुपारी सलाइन सुरू झालंय, लघवीला लागली आहे. मुलगी खाली सतरंजीवर झोपली आहे, तिला उठवायचं आजींच्या जिवावर येतं. त्या एका हाताने सलाइन स्टँड ओढत निघतात. कॉटपासून बाथरूमपर्यंत धरायला काही नाही. बाथरूमला चार इंचांचा उंबरठा, कारण पाणी बाहेर येऊ नये. स्टँडची चाकं तिथे अडतात. आत गेल्यावर दार लावून घेतात. दार आत उघडणारं आहे. आजींना घेरी आली आणि त्या दाराच्या आतल्या बाजूला पडल्या तर त्यांच्याच अंगाने दार अडतं. बाहेरून सिस्टर ढकलते तेव्हा ती दार आजींच्या अंगावर ढकलत असते.

या प्रसंगात सुधारायच्या चार गोष्टी कुठल्याही सिस्टरला तोंडपाठ असतात. दार बाहेर उघडणारं किंवा सरकतं हवं. उंबरठा नको, उतार हवा. कॉटच्या डोक्याकडच्या भिंतीपासूनच हाताला रेलिंग सुरू व्हावं आणि ते कमोडपर्यंत जावं. बेलची दोरी जमिनीवर पडलेल्या माणसाच्या हाताला लागेल इतकी खाली यावी. अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यातल्या वेस्ट बेंड इथे सेंट जोसेफ रुग्णालयाची नवी इमारत २००५ मध्ये सुरू झाली, तेव्हा तिची आखणी रुग्णसुरक्षेपासून सुरू केली होती. खोलीची प्रतिकृती करून ती कर्मचाऱ्यांकडून तपासून घेतली. तिथे बाथरूम कॉटच्या डोक्याकडच्याच भिंतीला घेतलं, म्हणजे पेशंटला मोकळी जमीन ओलांडावी लागू नये.

त्याच इमारतीत आणखी एक गोष्ट केली. सहसा शेजारच्या दोन खोल्या एकमेकींची आरशातली प्रतिमा असतात, कारण दोन बाथरूम पाठीला पाठ लावून काढली की पाइप वाचतात. त्यामुळे एका खोलीत सिस्टर पेशंटच्या उजवीकडून पोचते, पुढच्या खोलीत डावीकडून. ऑक्सिजनचा पॉइंट, सक्शन, स्विच सगळं उलट. वेस्ट बेंडला पाइपचा खर्च सोसून सगळ्या खोल्या एकसारख्या केल्या, म्हणजे घाईच्या क्षणी हात आपोआप योग्य जागी जावा. याचा नेमका फायदा किती, यावर संशोधकांचं एकमत नाही. तरीही हा प्रश्न चर्चेला आला तो कामाच्या जागेवरून, पाइपच्या बिलावरून नव्हे, याचं मला महत्त्व वाटतं.

औषधांची जागा हा दुसरा मोठा विषय, आणि आपल्याकडे सगळ्यात दुर्लक्षित. बहुतेक वॉर्डांत औषध भरायचं टेबल म्हणजे नर्सिंग स्टेशनचाच काउंटर. तिथेच फोन, तिथेच नातेवाइकांचे प्रश्न, तिथेच डिस्चार्जचे कागद. सिडनीतल्या दोन रुग्णालयांत ९८ परिचारिकांचं निरीक्षण करून २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असं दिसलं की औषध देण्याच्या निम्म्याहून जास्त वेळा मधे कुणीतरी व्यत्यय आणलेला असतो. प्रत्येक व्यत्ययामागे कार्यपद्धतीतल्या चुकांत १२.१ टक्के आणि औषधाच्या, डोसच्या अशा वैद्यकीय चुकांत १२.७ टक्के वाढ होते. ‘लक्ष देऊन काम करा’ ही सूचना इथे कुचकामी आहे. काउंटरच्या मागे, तीन बाजूंनी बंद, कुपीवरची बारीक अक्षरं वाचता येतील एवढ्या उजेडाचा चार-पाच फुटांचा कोपरा काढला तर उपयोग होतो. नकाशात तो काढायला एक रेघ पुरते. इमारत झाल्यावर त्याला जागा सापडत नाही.

हेंड्रिक यांचंच आणखी एक काम इथे सांगण्यासारखं आहे. हृदयरुग्ण आयसीयूतून स्टेप-डाउनला, म्हणजे आयसीयू आणि वॉर्ड यांच्या मधल्या विभागात, तिथून वॉर्डात असा हलवला जातो. प्रत्येक हलवाहलवीत नवी सिस्टर, नवा हँडओव्हर, काहीतरी सांगायचं राहून जाण्याची शक्यता. इंडियानापोलिसच्या मेथडिस्ट रुग्णालयात १९९९ मध्ये असा विभाग सुरू झाला की ज्यात खोलीच सगळ्या पातळीच्या उपचारांना सज्ज. पेशंट तिथेच राहतो, बरा होत जाईल तशी यंत्रं कमी होत जातात. तिथे रुग्णांची हलवाहलव सुमारे ९० टक्क्यांनी आणि औषधांच्या चुका सुमारे ७० टक्क्यांनी कमी झाल्याचं नोंदवलं गेलं. अशी खोली महाग पडते, आणि तिच्यातल्या सिस्टरना आयसीयूचंही प्रशिक्षण लागतं. प्रत्येक रुग्णालयाने ती बांधावी असं मी म्हणणार नाही. पण हलवाहलव हाच धोका आहे, हे ओळखायला हँडओव्हर घेतलेला माणूस लागतो.

सगळं इतकं सरळ असतं तर लेख इथे संपला असता. इंग्लंडमध्ये केंट परगण्यात पेंबरी इथे २०११ साली एक रुग्णालय पूर्ण झालं. तिथल्या सरकारी आरोग्यसेवेतलं हे पहिलं मोठं जनरल हॉस्पिटल ज्यात प्रत्येक पेशंटला स्वतंत्र खोली आहे. परिचर्या क्षेत्रातल्या संशोधक जिल मेबेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जुन्या आणि नव्या इमारतीची तुलना केली. बहुसंख्य रुग्णांना स्वतंत्र खोली आवडली. एकांत मिळाला, झोप मिळाली, नातेवाइकांना बसता आलं. परिचारिकांचं चालणं मात्र वाढलं. बंद दारामागचा पेशंट दिसत नाही याची धास्ती त्यांना वाटू लागली. एकमेकींना सहज हाक मारणं, नवशिक्या मुलीकडे अधूनमधून लक्ष ठेवणं कमी झालं. रुग्णाला जे हवं आणि परिचारिकेला जे हवं, त्यात खरा ताण असू शकतो. तो मिटवायचे मार्ग असतात: दाराला काच, दर दोन-तीन खोल्यांमागे लिहायला छोटं टेबल, खोल्या वळवून कॉटचं डोकं बाहेरून दिसेल अशी मांडणी. पण त्यासाठी दोघांचं म्हणणं आधी टेबलावर यावं लागतं.

विचारायचं म्हणजे नेमकं कसं? ‘नकाशा बघा आणि सही करा’ हे विचारणं नव्हे. नकाशा वाचायची सवय सिस्टरना नसते, आणि दहा जणांच्या बैठकीत, डीनसमोर, मला कळलं नाही असं कुणी म्हणत नाही. पहिली पायरी कागदाच्याही आधीची आहे. आर्किटेक्टने जुन्या वॉर्डात एक दिवसपाळी आणि एक रात्रपाळी सिस्टरच्या मागे उभं राहून काढावी. कोण कुठे अडतं, काय शोधावं लागतं, आवाज कुठून येतो, एवढंच लिहावं. दुसरी पायरी म्हणजे पेन्सिलीतला नकाशा घेऊन बसायचं, आणि खोल्यांबद्दल न विचारता कामांबद्दल विचारायचं. ‘पेशंटला अचानक अटॅक आला तर क्रॅश कार्ट, म्हणजे तातडीच्या औषधांची आणि उपकरणांची ट्रॉली, कुठून निघेल?’ ‘बेडपॅन कुठल्या वाटेने जाईल? तीच वाट जेवणाच्या ट्रॉलीची आहे का?’ ‘मृत्यू झाला तर मृतदेह बाकीच्या पेशंटसमोरून न्यावा लागेल का?’ या शेवटच्या प्रश्नावर सिस्टर जे बोलतात ते ऐकल्यावर लिफ्टची जागा बदललेली बरी असं वाटू लागतं.

तिसरी पायरी सगळ्यात उपयोगाची, आणि ती स्वस्तही आहे. खोली खऱ्या मापात उभी करायची. अमेरिकेत सिएटलच्या मुलांच्या रुग्णालयाने बेलव्ह्यू इथल्या केंद्रासाठी गोदामात पुठ्ठ्याच्या भिंती उभ्या करून हेच केलं, ते केंद्र २०१० मध्ये सुरू झालं. जमिनीवर चिकटपट्टीने भिंती आखल्या, थर्माकोल आणि पुठ्ठा लावला, तरी चालतं. मग त्यात खरी कॉट, खरी ट्रॉली, खरा सलाइन स्टँड आणायचा आणि कामं करून बघायची. एक जण पेशंट होऊन झोपतो, बाकीच्यांनी सीपीआर, म्हणजे छाती दाबून हृदय आणि श्वास चालू ठेवायचा उपचार, सुरू करायचा. कॉटच्या दोन्ही बाजूंना माणूस उभा राहतो का? डोक्याकडे उभं राहून श्वासाची नळी घालायला कॉट भिंतीपासून ओढावी लागते का? व्हेंटिलेटर आल्यावर दार उघडतं का? पेशंटसकट कॉट बाहेर काढताना वळण घेते का? कागदावर सगळ्यांना पुरेशी वाटलेली खोली इथे दहा मिनिटांत अपुरी ठरते. आणि पुठ्ठा सहा इंच सरकवायला कटर पुरतो.

बोलावायचं कुणाला, हाही प्रश्न आहे. सरकारी रुग्णालयात अधिसेविका (मेट्रन), परिसेविका (वॉर्डच्या प्रमुख सिस्टर), अधिपरिचारिका (स्टाफ नर्स) अशी उतरंड असते आणि बैठकीचं पत्र अधिसेविकांच्या नावे निघतं. त्यांचा अनुभव मोठा असतो, पण त्यांची शेवटची नाइट होऊन बरीच वर्षं झालेली असतात. म्हणून सध्या रात्रपाळी करणारी एक अधिपरिचारिका हवीच. एक नुकतीच रुजू झालेली मुलगीही हवी, कारण जुन्या माणसाला अडचणींची सवय झालेली असते. वीस वर्षं लांबून फेरी मारणाऱ्या सिस्टरला ती फेरी दिसेनाशी होते, नवी मुलगी पहिल्याच आठवड्यात ‘हे असं का?’ विचारते. आणि वॉर्डातल्या मावशींना विसरू नये. कपडे, कचरा, बेडपॅन यांच्या वाटा त्यांच्याइतक्या कुणालाच ठाऊक नसतात. या सगळ्यांना बैठकीसाठी ड्युटीतून मोकळं करावं. साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी बोलावून घेतलेलं मत थकलेलं असतं.

महाराष्ट्रात या गोष्टीची निकड मला काही ठिकाणी फार जाणवते. पहिली जागा लेबर रूम. ग्रामीण भागात अनेक बाळंतपणं परिचारिकाच करतात. प्रसूतिकक्ष कसे असावेत याच्या मार्गदर्शक सूचना राष्ट्रीय आरोग्य अभियानाने २०१६ मध्ये काढल्या, २०१७ च्या डिसेंबरमध्ये प्रसूतिकक्ष सुधारण्याचा ‘लक्ष्य’ हा कार्यक्रम आला. लेबर रूममध्येच नवजात बाळासाठी वॉर्मरचा, म्हणजे बाळाला ऊब देणाऱ्या यंत्राचा, कोपरा असावा हे त्यांतही सांगितलेलं आहे. पण तो कोपरा खोलीत नेमका कुठे, यावर सगळं अवलंबून असतं. बाळ रडलं नाही तर सिस्टरला ते वॉर्मरवर घेऊन श्वास सुरू करायचा असतो, आणि त्याच वेळी टेबलावरच्या आईला किती रक्तस्राव होतोय तेही बघायचं असतं. वॉर्मर भिंतीकडे तोंड करून लावला तर तिची आईकडे पाठ होते. तो नव्वद अंशांत फिरवला की दोघं एका नजरेत येतात.

दुसरी जागा विजेचे पॉइंट. कॉटमागे दोन प्लग काढलेले असतात. मॉनिटर, इन्फ्युजन पंप, नेब्युलायझर आणि नातेवाइकाचा मोबाइल असे चार दावेदार येतात, मग एक्स्टेन्शन बोर्ड येतो. भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे नवजात कक्षाला आग लागली, १० बाळं गेली, ७ वाचवता आली. आग कुठल्याही कारणाने लागो, पहिल्या मिनिटात तिथे असते ती ड्युटीवरची सिस्टर. एका वेळी किती बाळं हातांत घेऊन कुठल्या दारातून पळता येतं, हे तिला आधी विचारून दारं ठेवली पाहिजेत.

तिसरी जागा खुद्द परिचारिकांची. मुंबईच्या केईएम रुग्णालयात २७ नोव्हेंबर १९७३ रोजी अरुणा शानबाग या परिचारिकेवर अत्याचार झाला, तेव्हा ती ड्युटी संपवून तळघरात कपडे बदलत होती. त्यानंतरची जवळपास ४२ वर्षं ती त्याच रुग्णालयात पडून होती आणि तिथल्या परिचारिकांनी तिला सांभाळलं. कोलकात्याच्या आर. जी. कर रुग्णालयात ड्युटीवरच्या शिकाऊ डॉक्टर तरुणीवर अत्याचार करून तिचा खून झाला, त्यानंतर २० ऑगस्ट २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने राष्ट्रीय कृती दल नेमलं. रात्रपाळीच्या माणसांना विश्रांतीला जागा नाही, ड्युटी रूम अपुऱ्या आहेत, हे न्यायालयाने आदेशात नोंदवलं, आणि परिचारिकांचाही त्यात उल्लेख होता. नेमलेल्या तज्ज्ञ सदस्यांत मात्र एकही परिचारिका नव्हती. कपडे बदलायची खोली वॉर्डच्या मजल्यावर, वर्दळीच्या वाटेवर, आतून कडी लागणारी, शेजारी स्वच्छतागृह: एवढी साधी गोष्ट नकाशात ‘उरलेल्या जागेत’ ढकलली जाते. उरलेली जागा म्हणजे जिन्याखाली किंवा तळघरात.

मोठ्या रुग्णालयांचं ठीक, पण आपल्याकडची अनेक नर्सिंग होम पंधरा-वीस कॉटची, निवासी इमारतीचा एखादा मजला घेऊन थाटलेली असतात. तिथे सल्लागार नेमायला पैसे नसतात. त्यांनी एवढं केलं तरी पुष्कळ होईल. नूतनीकरण काढायच्या आधी एक दुपार मोकळी ठेवावी. डॉक्टर, सिस्टर, मावशी आणि सुतार यांनी मिळून जमिनीवर चिकटपट्टीने नवी मांडणी आखावी, कॉट सरकवून बघावी, ट्रॉली फिरवावी. काम पूर्ण होऊन वॉर्ड सुरू झाला की सहा महिन्यांनी पुन्हा एक फेरी मारावी आणि भिंती वाचाव्यात. कुठे ‘हे दार जोरात लावू नये’ अशी चिठ्ठी चिकटवली आहे, कुठे खुर्ची अडकवून दार उघडं ठेवलं आहे, कुठला स्विच पट्टी लावून बंद केला आहे, कुठल्या खिडकीच्या कट्ट्यावर औषधांचा ट्रे कायमचा बसला आहे. ही सगळी सिस्टरांनी आपल्या हाताने केलेली दुरुस्ती असते. तिची यादी करून सुताराला, इलेक्ट्रिशियनला द्यावी, आणि एक प्रत पुढच्या इमारतीच्या आर्किटेक्टसाठी फाइलला लावून ठेवावी.